‘घोटी’ नावाचा मासा

इंग्रजी स्पेलिंगची खोडी काढणाऱ्या विनोदांत जी-एच-ओ-टी-आय या पाच अक्षरांचा मान मोठा आहे. मराठी वाचकाला ती पाहून इगतपुरीजवळचे घोटी आठवले, तरी विनोदकर्त्याच्या मते त्यांचा उच्चार ‘फिश’ असा होतो. कारण ‘टफ’च्या शेवटी जीएच ही जोडी ‘फ’ म्हणून उच्चारली जाते, ‘विमेन’मधला ओ ‘इ’ होतो आणि ‘नेशन’मधले टीआय ‘श’ होतात. नव्या इंग्रजी लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवणाऱ्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर ही कोटी सर्रास खपवली जाते. पण ती १८५५ च्या एका पत्रात आढळते आणि शॉ जन्मले १८५६ मध्ये. शेली व कीट्स यांचे प्रकाशक चार्ल्स ऑलियर यांनी त्या पत्रात तिचे श्रेय आपल्या मुलाला, विल्यमला, दिले आहे.

कोटी फक्कड असली, तरी इंग्रजी लेखनाला नियमच नाहीत हा तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष अन्यायाचा आहे. शब्दारंभी जीएचचा ‘फ’ कधीच होत नाही, टीआयचा ‘श’ व्हायला पुढे स्वर लागतो आणि ओचा ‘इ’ हा तर ‘विमेन’पुरताच म्हणावा असा अपवाद. मध्ययुगीन हस्तलिखितांत यू, एम, एन ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी काढली जात. त्या दाटीत यू हरवू नये म्हणून लेखनिक ‘वुमन’मध्ये ओ लिहू लागले आणि अनेकवचनाने उच्चार जुनाच ठेवून ते लेखन तेवढे उचलले. जीएच हे मुळात घर्षक ध्वनीचे, म्हणजे हवा घशाशी घासत बाहेर पडताना होणाऱ्या ‘ख’सारख्या ध्वनीचे चिन्ह होते. तो ध्वनी कुठे लोपला, कुठे ‘फ’ झाला. परंतु १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यावर लेखन हळूहळू गोठत गेले आणि उच्चार बदलतच राहिले. म्हणूनच ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’ आणि फांदी या अर्थाचा ‘बाउ’ या चारही शब्दांच्या शेवटी ओयूजीएच हीच अक्षरे येतात. (देवनागरीवर पोसलेल्यांनी फार हसू नये, ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले ‘च’ निराळे आहेत, हे लिपी सांगत नाही.)

पुढच्या कोटीबाजांनी तर कमालच केली. ‘नाइट’मधले जीएच, ‘पीपल’मधला ओ, ‘बॅले’मधला टी आणि ‘बिझनेस’मधला आय हे सगळे मूक असल्यामुळे या शब्दाला मुळी उच्चारच नाही, असे त्यांनी दाखवून दिले.