बँकेच्या वकिलांची वंशावळ

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सॉलिसिटर कुटुंबाची वंशावळ मांडताना अभ्यासकाला दोन वंशवृक्ष शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक जन्म, विवाह आणि मृत्यू यांचा असतो. दुसरा उमेदवारी आणि भागीदारी यांचा. दुसरा वृक्ष बाजूला सारून केवळ रक्ताच्या नात्यांवर विसंबले, तर हाती नावांची एक लांबलचक यादी येते. पण एक घराणे चार पिढ्या एकाच धंद्यात कसे टिकले, त्याचे सोयरसंबंध विशिष्ट घरांशीच का जुळले आणि मुलांना ठरावीक नावे का मिळाली, याचा उलगडा होत नाही. बँक ऑफ इंग्लंडचे कायदेविषयक काम पाहणारे लंडनचे फ्रेशफील्ड घराणे हे याचे उत्तम उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये वकिलीचे काम दोन वर्गांत वाटलेले होते. वरिष्ठ न्यायालयापुढे उभे राहून युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर. पक्षकाराला सल्ला देणारा, खरेदीखते, मृत्युपत्रे आणि विवाहपूर्व मालमत्तेचे करार लिहिणारा, खटल्याची कागदपत्रे तयार करून बॅरिस्टरच्या हाती सोपवणारा तो सॉलिसिटर. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर हीच विभागणी दीर्घकाळ चालत आल्यामुळे मराठी वाचकाला ती अगदीच अपरिचित नाही. १८७५ पूर्वी न्यायालयानुसार या दुसऱ्या वर्गाची नावेही वेगळी होती: सामान्य कायद्याच्या न्यायालयांत त्याला अॅटर्नी म्हणत, चॅन्सरी न्यायालयात सॉलिसिटर, तर धर्मन्यायालयांत आणि आरमारी न्यायालयात प्रॉक्टर. १८७३ च्या न्यायालयविषयक कायद्याची १८७५ मध्ये अंमलबजावणी झाली आणि हे तिघेही सॉलिसिटर या एकाच नावाखाली आले. त्यामुळे आजोबा अॅटर्नी आणि नातू सॉलिसिटर असे कागदोपत्री दिसले, तरी त्यावरून घराण्याने व्यवसाय बदलला असा निष्कर्ष काढता येत नाही.

या व्यवसायात शिरण्याचा मार्ग कराराने बांधलेला होता आणि वंशावळीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. १७२९ च्या कायद्याने अॅटर्नी होऊ इच्छिणाऱ्याला पाच वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली. असा उमेदवार, म्हणजे आर्टिकल्ड क्लार्क, एखाद्या अनुभवी वकिलाशी लेखी करार करी आणि बहुधा त्याचा बाप किंवा पालक त्या वकिलाला मोठी रक्कम देई. १७४९ च्या कायद्यानुसार करार झाल्याचे शपथपत्र तीन महिन्यांच्या आत न्यायालयात दाखल करावे लागे. या शपथपत्रांत मुलगा, त्याचा पालक आणि गुरू-वकील यांची नावे एकत्र सापडत असल्याने, बाप्तिस्म्याची नोंद हरवली असली तरी बाप-लेकाचे नाते त्यातून सिद्ध करता येते. सरकारने या करारांवर मुद्रांक शुल्कही बसवले होते आणि १८१५ मध्ये ते १२० पौंडांपर्यंत चढले. इतकी रक्कम केवळ मुद्रांकावर खर्च करणे गरीब घराला शक्य नव्हते. म्हणून ज्याच्या नावाचा करार सापडतो, त्याच्या घराची ऐपतही तोच करार सांगून जातो.

या करारांना इतर नोंदींची जोड मिळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वकिलांच्या छापील याद्या निघू लागल्या. त्यांतून कोणता वकील कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पेढीत होता, हे वर्षागणिक समजते. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि विवाहनोंदीत वधू-वरांच्या वडिलांची नावे व व्यवसाय लिहिले जाऊ लागले. १८४१ च्या जनगणनेचे तपशील नावांसह उपलब्ध आहेत, तर १८५१ पासून जन्मगावही नोंदलेले आढळते. मृत्युपत्रे १८५८ च्या आरंभापर्यंत धर्मन्यायालयांत प्रमाणित होत. त्यानंतर ते काम सरकारी कार्यालयाकडे आले आणि दरवर्षीची वर्णानुक्रमी सूची छापली जाऊ लागली. शेतमजूर किंवा विणकर यांच्या कुटुंबांविषयी इतके सलग पुरावे क्वचितच मिळतात, ही विषमता अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवायला हवी.

फ्रेशफील्ड घराण्याची कथा फ्रेशफील्ड नसलेल्या माणसापासून सुरू होते. १७४३ मध्ये सॅम्युएल डॉड याची बँक ऑफ इंग्लंडचा अॅटर्नी म्हणून नेमणूक झाली. पुढे ते काम विंटर आणि के या भागीदारांकडे आले आणि १८०० च्या सुमारास जेम्स विल्यम फ्रेशफील्ड (१७७५–१८६४) हा तरुण वकील त्या पेढीत भागीदार झाला. डॉड, विंटर, के आणि फ्रेशफील्ड यांना जोडणारा धागा भागीदारीचा होता, आणि त्या धाग्यातून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलेली सर्वांत मौल्यवान मालमत्ता म्हणजे एक पक्षकार होता: बँक. जमीनदार घराण्यात जमीन जशी थोरल्या मुलाकडे जाते, तसा इथे पक्षकाराचा विश्वास वारसाहक्काने जात होता. जेम्स विल्यमचे जेम्स, चार्ल्स आणि हेन्री हे तिन्ही मुलगे पेढीत भागीदार झाले आणि तो स्वतः पेनरिनमधून पार्लमेंटवर निवडून गेला.

या तिघांपैकी मधल्याचे पूर्ण नाव चार्ल्स के फ्रेशफील्ड (१८०८–१८९१) असे होते आणि पेढीतील एका भागीदाराचे नाव चार्ल्स के. इंग्रज कुटुंबांत मधले नाव म्हणून आईचे माहेरचे, आजीचे किंवा उपकारकर्त्याचे आडनाव देण्याची पद्धत असल्याने मधली नावे वंशावळीत खुणेच्या दगडासारखी उपयोगी पडतात. इथे तो दगड नातलगाऐवजी भागीदाराकडे बोट दाखवतो. हा चार्ल्स पुढे डोव्हरचा पार्लमेंट सदस्य झाला.

के घराण्याची शाखा तर थेट हिंदुस्थानात पोहोचते. बँकेचे वकील चार्ल्स के यांचा मुलगा जॉन विल्यम के (१८१४–१८७६) बंगालच्या तोफखान्यात दाखल झाला, १८४४ मध्ये त्याने ‘कलकत्ता रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले आणि १८५८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलच्या जागी त्याच्याकडे लंडनमधील हिंदुस्थानविषयक राजकीय व गुप्त खात्याचे काम आले. १८५७ च्या उठावाचा त्याने लिहिलेला विस्तृत इतिहास हा विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये त्याच विषयावर ग्रंथ लिहिताना वापरलेल्या प्रमुख साधनांपैकी एक होता, अर्थात निष्कर्ष अगदी उलट काढण्यासाठी. वकिलीची पेढी सोडून गेलेला मुलगा सामान्यतः वंशावळीच्या कडेला टाकला जातो. या उदाहरणात मात्र महाराष्ट्राशी जोडणारा दुवा नेमका त्या कडेलाच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत व्यावसायिक कागद जवळजवळ मुके आहेत. इंग्लंडमध्ये स्त्रियांना सॉलिसिटर होण्याची वाट १९१९ च्या कायद्याने मोकळी झाली. त्यापूर्वीच्या करारांत आणि भागीदारीच्या लेखांत मुली व सुना दिसतच नाहीत. त्यांचा शोध विवाहपूर्व करार, मृत्युपत्रे, पत्रे आणि पुस्तके यांतून घ्यावा लागतो. हेन्री फ्रेशफील्डची पत्नी जेन ही लंडन शहराचे पार्लमेंट सदस्य विल्यम क्रॉफर्ड यांची मुलगी होती. आल्प्स पर्वतातील आडवाटांच्या प्रवासावर तिने लिहिलेले पुस्तक १८६१ मध्ये निघाले, तेव्हा त्यावर तिचे नाव नव्हते, केवळ ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढाच उल्लेख होता. तिचा मुलगा डग्लस (१८४५–१९३४) लहानपणापासून याच प्रवासांत वाढला. म्हणून त्याच्या गिर्यारोहणाचा वारसा शोधायचा असेल, तर बापाच्या पेढीचे कागद पाहून भागत नाही; आईचे ते निनावी पुस्तक पुरावा म्हणून हाती घ्यावे लागते.

डग्लसने १८७० मध्ये बॅरिस्टरची सनद घेतली, पण वकिली केली नाही. पेढीने मिळवलेल्या संपत्तीवर त्याने कॉकेशस पर्वत पालथा घातला, १८९९ मध्ये कांचनजंगा शिखराला प्रदक्षिणा घातली आणि पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषविले. त्याची पत्नी ऑगस्टा रिची ही बंगालचे अॅडव्होकेट जनरल विल्यम रिची यांची मुलगी, तर तिचा भाऊ रिचमंड हा इंडिया ऑफिसमधील वरिष्ठ अधिकारी. कायदा, हिंदुस्थान आणि राज्यकारभार यांच्याशी संबंधित घरांमधील असे विवाह या वर्गात वारंवार दिसतात, कारण ओळखी एकाच वर्तुळातील होत्या.

वंशावळ फुगवण्याचा मोहही याच वर्गाला जडला होता. वकिलीतून पैसा मिळवून ग्रामीण भागात वाडा आणि जमीन घेतली की जमीनदार घराण्यांच्या छापील ग्रंथांत नाव येई, आणि नाव आले की पूर्वज मध्ययुगापर्यंत मागे सरकवण्याची इच्छा होई. जॉन होरेस राउंड (१८५४–१९२८) या इतिहासकाराने अशा बनावट वंशावळी कठोरपणे उघड्या पाडल्या.

फ्रेशफील्डांपैकी एकाने मात्र नेमकी उलट, अधिक प्रामाणिक वाट धरली. जेम्स विल्यमचा नातू एडविन फ्रेशफील्ड (१८३२–१९१८) हा सॉलिसिटर असूनही पुरातत्त्वाचा आणि बायझंटाइन कलेचा गंभीर अभ्यासक होता. पूर्व भूमध्य प्रदेशातील इंग्रज व्यापारी हॅन्सन कुटुंबातील झोई हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि बायझंटाइन कायद्याचे ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्या त्यांच्या मुलाचे नाव एडविन हॅन्सन असे ठेवले गेले. मधल्या नावाची खूण इथे आईच्या माहेराकडे नेते. थोरल्या एडविनने लंडनमधील जुन्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या वाचून छापल्या. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती. तिथले बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांची नोंद त्या चर्चमध्ये होत असे. त्याने प्रसिद्ध केलेल्या वह्यांत सेंट ख्रिस्टोफर-ले-स्टॉक्स या धर्मग्रामाचीही वही होती. बँकेच्या विस्तारासाठी १७८० च्या दशकाच्या आरंभी ते चर्च पाडले गेले आणि जागा बँकेच्या आवारात गेली. ज्या संस्थेच्या भिंतीखाली ते चर्च गडप झाले, तिच्याच वकिलाने तिथल्या मृतांची नावे छापून जपली, ही घराण्याच्या इतिहासातील सर्वांत आदरणीय गोष्ट म्हणावी लागेल.

बँकेच्या वकिलांच्या कागदांत अशी आणखी नावे आहेत, आणि ती अधिक वेदनादायक आहेत. १७९७ मध्ये बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. या नोटांची नक्कल सोपी होती. बनावट नोट चालवण्याची शिक्षा मृत्यू, तर १८०१ पासून ती जवळ बाळगण्याची शिक्षा चौदा वर्षे हद्दपारी. खटले बँकेच्या वतीने तिचे सॉलिसिटर चालवत आणि त्या काळात तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली. तुरुंगात ऑस्ट्रेलियाच्या जहाजाची वाट पाहणारे कैदी, विशेषतः स्त्रिया, बँकेला आणि तिच्या वकिलांना पत्रे लिहून लहान मुलांसाठी, कपड्यांसाठी, अन्नासाठी पैसे मागत. बँक काहींना ते देतही असे. ती पत्रे वकिलांनी ठेवली, म्हणून टिकली. ज्यांच्या घरात उमेदवारीचे करार नव्हते, मृत्युपत्रे नव्हती आणि अनेकदा स्वतःच्या हाताने लिहिण्याची सोयही नव्हती, अशा स्त्रियांची नावे, मुलांची संख्या आणि नवऱ्यांच्या शिक्षा आज ऑस्ट्रेलियातील त्यांच्या वंशजांना या कागदांत वाचता येतात.