बीजक आणि त्याचा वाचक

पुरून ठेवलेल्या धनाचे ठिकाण सांगणाऱ्या लेखास ‘बीजक’ म्हणतात. कबीरांच्या याच नावाच्या ग्रंथाचे नाव पुष्कळदा ह्या अर्थाने उलगडून दाखविण्यात येते. लोककथांतून बीजक हाती आले की धन हाती आलेच, असे गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. कागद कोणी, केव्हा व कशासाठी लिहिला, आणि त्यातील स्थळनामाचा त्या काळी काय अर्थ होता, हे ठरल्यावाचून तो मुकाच राहतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांचा शोध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींचे सोने-रुपे घेऊन निघणारी जहाजे क्यूबा बेटावरील हवाना बंदरात एकत्र जमत व तेथून फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून मायदेशाकडे वळत. १७१५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस असाच एक काफिला वादळात सापडला आणि त्यातील ११ जहाजे नष्ट झाली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास किप वॅग्नर नावाच्या गृहस्थांना सेबॅस्टियन गावाजवळच्या वाळूत जुनी रुप्याची नाणी सापडू लागली. एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे साल नव्हते. परंतु तो काफिला तेथून पुष्कळ दक्षिणेस बुडाला, असा जाणत्यांचा समज होता.

हा पेच एका ग्रंथाने सोडविला. वॅग्नर यांचे मित्र डॉक्टर केल्सो यांना एका तळटीपेवरून बर्नार्ड रोमन्स याच्या १७७५ सालच्या फ्लोरिडाविषयक ग्रंथाचा माग लागला, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात त्याची प्रत त्यांनी पाहिली. सेबॅस्टियन नदीच्या मुखासमोर काफिल्याचे जहाज फुटले, अशी नोंद तीत स्पष्ट होती. रोमन्सने बुडालेल्या जहाजांची संख्या मात्र १४ दिली आहे. स्थळाविषयी जो ग्रंथ विश्वासार्ह ठरला, तोच संख्येविषयी चुकला. ग्रंथाचे प्रामाण्य सरसकट स्वीकारावयाचे नसते किंवा सरसकट नाकारावयाचेही नसते. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पारखावे लागते. वॅग्नर यांनी नेमके तेच केले. त्यांनी किनाऱ्यावर धातुशोधक यंत्र फिरविले, आणि बुडालेले धन काढण्यासाठी स्पॅनिश लोकांनी टाकलेल्या छावणीचे अवशेष त्यांना सापडले. त्यानंतरच त्यांनी समुद्राकडे मोर्चा वळविला.

दुसरे उदाहरण याहून उद्‌बोधक आहे. ‘न्यूएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे जहाज ६ सप्टेंबर १६२२ रोजी बुडाले. त्यावरील २६५ माणसांपैकी केवळ ५ वाचली. मेल फिशर व इतर शोधक छापील पुस्तकांवर विसंबून मातेकुंबे बेटांच्या आसपास ते धुंडाळीत होते. एका पुस्तकाचे विधान दुसऱ्याने उचलावे, दुसऱ्याचे तिसऱ्याने, आणि तीन ग्रंथांची साक्ष मिळाली असे वाचकास वाटावे, असा प्रकार येथे होता. साक्षीदार मुळात एकच असे.

स्पेनमधील सेव्हिल येथील ‘इंडीज’च्या दप्तरखान्यात युजीन लायन हे संशोधक १९७० च्या सुमारास अभ्यास करीत होते. तेथील कागद ज्या वळणाच्या अक्षरात आहेत, त्यात लेखणी न उचलता शब्दास शब्द साखळीप्रमाणे जोडलेला असतो. ह्या अक्षरात लिहिलेल्या, बुडालेला माल काढण्याच्या हिशेबात त्यांना ‘मार्क्विसची बेटे’ असे नाव आढळले. काफिल्याचा अधिपती मार्क्विस काडेरेइता याने ज्या बेटावर मुक्काम करून जहाजाचा शोध चालविला होता, त्याचेच हे नाव. आजची मार्केसस बेटे ती हीच. मातेकुंबेपासून ती सुमारे ९० मैल पश्चिमेस आहेत! एका स्थळनामाच्या वाचनाने शोधाची दिशाच पालटली.

पुढे १९७३ साली सापडलेल्या रुप्याच्या लगडीवरील क्रमांक सेव्हिलच्या नोंदीत जुळला, तेव्हा जहाजाची ओळख पटली. राजाचा कर चुकू नये म्हणून कारकुनाने केलेली ही नोंद साडेतीनशे वर्षांनी पुराव्यास आली. तरी तीही पूर्ण नव्हती. जहाजात जे पाचू निघाले, ते कर चुकवून आणलेले असल्याने नोंदीत नव्हते. कागदाचे मौन म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे. मुख्य ठेवा २० जुलै १९८५ रोजी हाती लागला. त्यापूर्वी बरोबर दहा वर्षे, त्याच तारखेस, शोधनौका उलटून फिशर यांचा पुत्र, स्नुषा व एक सहकारी मृत्यू पावले होते. कागद ठिकाण सांगतो. तेथे जाण्याची किंमत सांगत नाही.

ह्या दोन कथांत आपल्या दृष्टीने विचारार्ह असे बरेच आहे. लेखणी न उचलता, शब्द न तोडता लिहिण्याची पद्धत आपल्यासही परकी नाही. मोडीचे स्वरूप तेच होय. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी दरबारांचा कारभार मोडीत चाले. त्यातील स्थळनामेही आजची नव्हेत. मराठी कागदांतील ‘भागानगर’ म्हणजे हैदराबाद, आणि ‘भेलसे’ म्हणजे १९५६ पासूनचे विदिशा, हे ज्यास ठाऊक नाही, तो कागद हाती धरूनही वाट चुकेल. गुप्तधनाच्या ऐकीव गोष्टींवरून जुन्या वास्तू खणून काढणारे पुष्कळ आढळतात. दप्तराचा रुमाल सोडून बसणारे थोडे. पहिल्या प्रकाराने भिंती पडतात आणि हाती काही लागत नाही. दुसऱ्याने सोने न सापडले तरी एखाद्या गावाचे हरवलेले नाव, एखाद्या घराण्याचा हिशेब, एखाद्या दुष्काळाची हकीकत निश्चित सापडते. मात्र ते वाचणारे डोळे शिल्लक असले पाहिजेत. मोडी जाणणारा शेवटचा वाचक ज्या गावातून जाईल, त्या गावातील प्रत्येक दप्तर हे पुरलेले धनच होईल, आणि त्याचे बीजक कोणापाशीही नसेल.