दोन वर्षांची रजा नेमकी कुणाला?

कळव्यातल्या एका थेरपी सेंटरच्या बाकावर, मुलांची ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपी संपायची वाट बघत बसलेल्या आया मला पुन्हा पुन्हा एकच सांगतात: "सुप्रीम कोर्टानं आपल्याला दोन वर्षांची पगारी रजा दिलीय." खासगी कंपनीतल्या एका आईनं या भरवशावर अर्जही टाकला. एचआरनं नकार दिल्यावर ती स्वतःलाच दोष देत बसली, अर्ज लिहिताना आपलंच काही चुकलं असणार म्हणून. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. असे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

असा निकाल झालेलाच नाही. 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर हिमाचल प्रदेशातल्या नालागढच्या सरकारी महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापिका शालिनी धर्माणी यांचं प्रकरण होतं. मुलाला हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार. केंद्राच्या रजा नियमांतला नियम 43-सी राज्यानं तेव्हा स्वीकारलेला नव्हता, म्हणून त्यांना बालसंगोपन रजा नाकारली गेली. नोकरीतला स्त्रियांचा सहभाग ही सवलत नाही, ती घटनेची अपेक्षा आहे, असं न्यायालयानं बजावलं आणि राज्याला धोरणाचा फेरविचार करायला सांगितलं. मुद्दा सरकारी सेवेतल्या आईचा होता.

केंद्र सरकारी नोकरीत ही रजा संपूर्ण सेवेत 730 दिवस मिळते. एरवी मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असेल तर वयाची अट नाही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना दिव्यांग अपत्यासाठी वेगळी विशेष बालसंगोपन रजा आहे, तीही 730 दिवसांपर्यंत. महापालिकेत किंवा अनुदानित संस्थेत असाल, तर राज्याचा हा रजेचा निर्णय आपल्याकडे लागू आहे का, हे आस्थापना विभागाला लेखी विचारा. हक्काची रजा माहीतच नसल्यानं बिनपगारी सुट्ट्या घेणाऱ्या आयाही याच बाकावर बसतात.

आणि खासगी नोकरी? दिव्यांग मुलाच्या संगोपनासाठी वेगळी रजा देणारा कायदा तिथं नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं, एवढी तरतूद आहे. ती लहान मुलाच्या आईला उपयोगी. दहा वर्षांच्या स्वमग्न मुलाच्या आईनं काय करायचं? थेरपीसाठी कळव्याला यायचं, तर तिथं फास्ट लोकल थांबत नाही. अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी तिचा अर्धा दिवस जातो. युरोपच्या न्यायालयानं 2008 मध्येच, लंडनच्या शॅरन कोलमन यांच्या खटल्यात, मुलाच्या दिव्यांगत्वावरून आईला नोकरीत वाईट वागवणं हाही भेदभावच ठरवला. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आईच्या नोकरीसाठी इतकं स्पष्ट कलम नाही. ते मागायला हवं, आणि मागायचं तर आधी ते नाही हे कळायला हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "बालसंगोपन रजेत पगार अर्धा होतो": केंद्रात पहिले 365 दिवस पूर्ण, पुढचे 365 दिवस 80 टक्के. "अर्ज केला की मिळतेच": नाही, मंजुरी लागते. "बापाला नाहीच": एकल पित्याला केंद्रात 2018 पासून आहे. "बदली कुणालाच टळत नाही": 8 ऑक्टोबर 2018 च्या केंद्राच्या आदेशानुसार दिव्यांग अपत्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, प्रशासकीय अडचण नसेल तर ती मिळते. अर्जासोबत मुलाच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची) प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.