ब्रेकमधले तेल

मोटारीत पेट्रोल किती उरले, हे आपण रोज पाहतो. ब्रेकच्या तेलाची आठवण मात्र घाट उतरताना होते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. पायाचा दाब चाकापर्यंत जातो तो याच नियमाने. परंतु ग्लायकॉलपासून बनविलेले हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तेल तापून उकळते आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल तळाला जाते. गाडी थांबत नाही!

उपाय साधा आहे. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, साधारणतः दर दोन वर्षांनी, सारे तेल बदलावे. नुसती भर घातल्याने मुरलेले पाणी जात नाही. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचे व सीलबंद डब्यातलेच घ्यावे. इंजिनचे तेल चुकूनही घालू नये; त्याने रबरी सील फुगतात. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. पातळी एकाएकी उतरली, तर आधी गळती शोधावी.

आणि ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण विसरू नये. मागच्या आसनावर आपलीच माणसे निर्धास्त झोपलेली असतात.