जालना जिल्ह्यातील वारसास्थळे : संवर्धन व पर्यटनविकास

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात प्राचीन वसाहतींची स्थाने, मध्ययुगीन मंदिरे, गढ्या, तलाव, बारवा व संतस्थाने यांचा मोठा ठेवा आहे. या ठेव्याची शास्त्रीय जपणूक करणे आणि तिच्या आधारे प्रवाशांचा ओघ जिल्ह्याकडे वळविणे या दोन परस्परावलंबी कार्यांचा विचार प्रादेशिक पर्यटनविकासात होतो. पूर्वीच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर या तालुक्यांचा मिळून हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके निर्माण होऊन तालुक्यांची संख्या आठ झाली. उत्तरेस अजिंठा व पश्चिमेस वेरूळ–दौलताबाद ही जगप्रसिद्ध स्थळे लगतच्या जिल्ह्यात असल्याने प्रवासी जालन्याच्या सीमेपर्यंत येतो. परंतु जिल्ह्यात क्वचितच थांबतो. या जिल्ह्याच्या पर्यटनविकासाचा मूळ प्रश्न हाच आहे.

वारसास्थळांचे स्वरूप : जिल्ह्यातील स्थळांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग पुरातत्त्वीय स्थळांचा. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. प्रतिष्ठान (पैठण) ते उज्जयिनी या सातवाहनकालीन व्यापारी मार्गावरील हे संपन्न नगर होते. येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांच्या कोरीव लेखांत आढळतात. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७०–८० या दशकाच्या आरंभी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. त्यात नाणी, मणी, मृण्मूर्ती इ. अवशेष मिळाले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य असल्याने रोमन जगाशी असलेल्या व्यापारसंबंधांच्या अभ्यासात तिला महत्त्व आहे. भोकरदनला नदीकाठी खडकात खोदलेली लेणीही आहेत.

दुसरा वर्ग मध्ययुगीन वास्तूंचा. भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील यादवकालीन मंदिर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या बाह्यांगावरील वैष्णव मूर्तींवरून ते मूळचे विष्णूचे असावे असे मानतात. मात्र गाभाऱ्यात शिवलिंग असून ते महादेवाचे मंदिर म्हणून ओळखले जाते. जालना शहरातील कुंडलिका नदीकाठची मस्तगड ही गढी पहिला निजाम आसफजाह याच्या आदेशावरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधली. तीवरील फार्सी लेखात बांधकामाचे वर्ष दिले आहे. या गढीचा उपयोग पुढे नगरपालिकेच्या कार्यालयासाठी झाला. अंबड येथे होळकरांच्या आमदानीतील बांधकामे असून खंडोबाचे मंदिर अहिल्याबाई होळकर यांनी बांधविले. शहरातील मोती तलावाचे श्रेय परंपरेने जमशेदखान या अधिकाऱ्यास दिले जाते. या तलावातून भूमिगत नळांद्वारे शहरातील हौदांत पाणी आणले होते.

तिसरा वर्ग रणभूमीचा. जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने पराभव केला. केळणा व जुई या नद्यांच्या दुबेळक्यात ही लढाई झाली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत, तेव्हा तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने सैन्य पार नेले. येथे पाहावयाची वास्तू अशी नाही. नदीचे वळण, उतार व गावांची स्थिती हाच येथील वारसा होय. म्हणून भूदृश्याचे जतन हे येथील संवर्धनाचे स्वरूप ठरते.

चौथा वर्ग जागृत देवस्थानांचा व संतस्थानांचा. समर्थ रामदास यांचे जन्मस्थान जांब (ता. घनसावंगी), राजूर येथील गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी व महानुभाव पंथीयांचे जाळीचा देव ही त्यांतील प्रमुख होत. रामनवमी, अंगारकी चतुर्थी व नवरात्र या प्रसंगी येथे मोठ्या यात्रा भरतात. जिल्ह्यात येणाऱ्या प्रवाशांत यात्रेकरूंचाच भरणा अधिक असतो.

संवर्धनाची तत्त्वे व तंत्र : संवर्धन म्हणजे जुन्या वास्तूला नवे रूप देणे नव्हे, तर तिचा ऱ्हास थांबविणे व तिचे मूळ द्रव्य शक्य तितके राखणे होय. या कार्यात प्रथम वास्तूचे मोजमाप, आराखडे व छायाचित्रे यांची नोंद करतात. त्यानंतर ऱ्हासाची कारणे शोधतात. जालना जिल्ह्यात ती मुख्यतः पाणी, वनस्पती व जमीन या तीन प्रकारची आहेत. छतावरील सांध्यांतून झिरपणारे पाणी दगडी बांधणीतील भर वाहून नेते. पिंपळ, वड यांची मुळे सांधे फोडतात. आणि पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन पायास धक्का देते. त्यामुळे पाण्याचा निचरा नीट करणे, हा बहुतेक ठिकाणी पहिला व कमी खर्चाचा उपाय ठरतो.

जोडकामासाठी मूळ द्रव्याशी जुळणारा चुना वापरतात. चुन्याचा दर्जा मऊ व सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंट कठीण व घट्ट असल्याने ओल आत कोंडते, क्षार दगडात साठतात आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे सुटतात. देवळांच्या शिल्पांवर तैलरंग चढविणे, गाभाऱ्यास गुळगुळीत फरशा बसविणे, दीपमाळेभोवती पत्र्याचे मंडप उभारणे या भाविकांच्या सद्हेतूने होणाऱ्या कृतीही याच कारणाने हानिकारक ठरतात. केलेला उपाय पुढे काढून टाकता आला पाहिजे, हे संवर्धनाचे मान्य तत्त्व आहे. त्याचा धडा लगतच्या अजिंठ्यातच मिळतो. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने (स्थापना १९१४) गुलाम याझदानी यांच्या कारकीर्दीत, १९२०–२२ च्या सुमारास, चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांकडून भित्तिचित्रांचे जतन करविले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळसर पडला आणि तो काढण्यासाठी नंतरच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ खपावे लागले.

पुरातत्त्वीय टेकाडांचा प्रश्न वेगळा आहे. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढरट मातीस पांढर म्हणतात. ती शेतात खत म्हणून उपयोगी पडत असल्याने खणून नेली जाते व तिच्याबरोबर प्राचीन थरही नाहीसे होतात. भोकरदनसारख्या ठिकाणी प्राचीन नगरावरच आजचे गाव वसलेले असल्याने प्रत्येक नव्या घराच्या पायाबरोबर इतिहासाचे एखादे पान खणले जाते.

प्रशासकीय चौकट : राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय अधिनियमान्वये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. अन्वा येथील मंदिर या वर्गात मोडते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या सीमेपासून १०० मी. पर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध व त्यापुढील २०० मी. पर्यंतचे नियंत्रित ठरविले आहे. अन्य महत्त्वाची स्मारके राज्याच्या १९६० च्या अधिनियमाखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य बारवा, वेशी, समाध्या, वाडे व ग्राममंदिरे कोणत्याच सूचीत नाहीत. त्यांचे भवितव्य ग्रामपंचायत, देवस्थानचे विश्वस्त वा मालक यांच्या हाती असते. पर्यटनाच्या सोयी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ (स्थापना १९७५), जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषद पाहतात. अशा रीतीने एकाच स्थळाचे दगड एका खात्याकडे, रस्ता दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे व पूजाअर्चा चौथ्याकडे, अशी विभागणी होते. भागीदारीची गरज यातूनच निर्माण झाली.

भागीदारीचे प्रयोग : मराठवाड्यातील अशा भागीदारीचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे जपानच्या कर्जसाहाय्याने राबविलेला अजिंठा–वेरूळ संवर्धन व पर्यटनविकास प्रकल्प होय. त्याचा पहिला टप्पा १९९२ मध्ये व दुसरा २००३ मध्ये मंजूर झाला. पुरातत्त्व, वने, रस्ते, विमानतळ, वीज व पाणीपुरवठा या खात्यांचे कार्य पर्यटन खात्याच्या समन्वयाने त्यात एकत्र आणले गेले. प्रवाशांची खाजगी वाहने फर्दापूर फाट्याजवळ थांबवून तेथून लेण्यांपर्यंत बसगाड्या सोडण्यात आल्या आणि परिसरात वृक्षलागवड झाली. मात्र याच प्रकल्पात उभारलेली व २०१३ मध्ये खुली झालेली भव्य अभ्यागत केंद्रे चालविण्याचा खर्च पेलेनासा झाला आणि वीज व पाणी यांची देणी थकून अजिंठ्याचे केंद्र काही वर्षांतच बंद पडले. उभारणीसाठी पैसा मिळतो, देखभालीसाठी मिळत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा मार्ग पालकत्वाचा. राज्य शासनाच्या ‘महाराष्ट्र वैभव–राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजने’खाली नळदुर्ग (जि. धाराशिव) हा किल्ला २०१४ मध्ये सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे दहा वर्षांसाठी सोपविण्यात आला. स्मारकाची मालकी व संवर्धनाचे तांत्रिक नियंत्रण शासनाकडे आणि स्वच्छता, बगीचे व प्रवाशांच्या सोयी पालकसंस्थेकडे, अशी या योजनेतील विभागणी असते. केंद्र शासनानेही २०१७ मध्ये अशाच स्वरूपाची योजना सुरू केली. २०१३ च्या कंपनी अधिनियमात राष्ट्रीय वारशाचे जतन हे सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाचे एक क्षेत्र मानले आहे. बियाणे व पोलाद या उद्योगांमुळे जालना शहर औद्योगिक केंद्र बनले असल्याने जिल्ह्याच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

तिसरा मार्ग लोकसहभागाचा. जालन्यास गुरुत्वबलाने पाणी पुरविणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव गाळाने भरला होता. दुष्काळाच्या वर्षांत शहरातील नागरिक, व्यापारी व उद्योजक यांनी एकत्र येऊन त्यातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेऊन टाकल्याने त्याची विल्हेवाट लागली व जमिनीचा कसही सुधारला. ऐतिहासिक जलवास्तू पुन्हा उपयोगात आणणे हेच तिचे सर्वोत्तम संरक्षण, याचा प्रत्यय येथे येतो. मराठवाड्यातील अनेक गावांत २०२० नंतर श्रमदानाने बारवा मोकळ्या करण्याची चळवळ पसरली. तिलाही हेच तत्त्व लागू पडते.

दळणवळण व पर्यटन : मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गामुळे (१९००) जालना मुंबई व हैदराबादशी जोडले गेले. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व तो जिल्ह्यातून जातो. जालना–जळगाव या १७४ किमी. लांबीच्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली असून अजिंठा परिसर लोहमार्गावर आणणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. तथापि वेगवान मार्गाने प्रवासी जसा येतो, तसाच तो न थांबता पुढेही जातो. म्हणून राजूर, भोकरदन, अन्वा व असई यांना अजिंठ्याशी जोडणारी उत्तरेकडील आणि अंबड व जांब यांना पैठणशी जोडणारी दक्षिणेकडील अशा दोन परिक्रमांचा विचार उपयुक्त ठरतो. राजूरला येणारा यात्रेकरू भोकरदनची लेणी पाहून मुक्कामास राहिला, तर निवास, भोजन, वाहतूक व मार्गदर्शन यांतून मिळणारे उत्पन्न गावातच राहते आणि स्मारक टिकण्यात गावाचे हित गुंतते.

समस्या : नोंदीचा अभाव ही पहिली समस्या होय. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब येथील राममंदिरातून समर्थांच्या पूजेतील समजल्या जाणाऱ्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचा शोध लावला. चोरीस गेलेली मूर्ती ओळखून परत मिळविण्यासाठी तिचे छायाचित्र व मोजमाप आधीच नोंदलेले असावे लागते. जिल्ह्यातील असंख्य मूर्तींबाबत अशी नोंद होणे निकडीचे आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी व पाथरवट विरळ होणे, ही दुसरी समस्या होय. तीर्थक्षेत्र विकासाच्या निधीतून जुन्या वास्तूशेजारी, कधी तिच्या जागीच, नवी बांधकामे उभी राहणे ही तिसरी व अधिक गंभीर समस्या होय. कारण तीत विकास व विनाश एकाच अंदाजपत्रकातून घडतो. यावर देवस्थानांचे विश्वस्त, ग्रामपंचायत व पुरातत्त्व खाते यांनी कामापूर्वी एकत्र बसून आराखडा ठरविणे आणि मंजूर रकमेचा काही भाग देखभालीसाठी राखून ठेवणे, हे उपाय सुचविले जातात. जिल्ह्यातील वारसास्थळे आकाराने अजिंठा-वेरूळशी तुलना करण्याजोगी नाहीत. परंतु अजिंठ्याकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर वसलेल्या नगरांचा, त्यांच्या पाणीव्यवस्थेचा व लोकजीवनाचा इतिहास त्यांच्यातच साठविलेला आहे आणि तो अन्यत्र मिळणारा नाही.