कार्ल पर्किन्स : कापसाच्या शेतातून ‘सन’च्या स्टुडिओत

गायक-गिटारवादक कार्ल पर्किन्स यांचा जन्म ९ एप्रिल १९३२ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, टिप्टनव्हिलजवळ झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवत आणि मुलेही वेचणीला जात. रानात काळ्या मजुरांची भक्तिगीते कानांवर पडत, तर शनिवारी रात्री रेडिओवर नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ लागे. वडिलांनी सिगारचा डबा आणि झाडूचा दांडा जोडून त्यांना पहिली गिटार करून दिली. जॉन वेस्टब्रुक या वयस्क काळ्या शेतमजुराने त्यांना ब्लूजचे वादन शिकवले. तार तुटली की नवी घ्यायला पैसे नसत, म्हणून तिलाच गाठ मारली जाई. गाठीवरून बोट सरकवले की कातडी सोलवटे. त्यामुळे तार जागच्या जागी ताणून सूर चढवायची सवय लागली, असे ते पुढे सांगत.

कुटुंब जॅक्सन शहराकडे आल्यावर जे आणि क्लेटन या भावांसह त्यांनी गुत्त्यांमध्ये वाजवायला सुरुवात केली. पुढे ड्रमवर डब्ल्यू. एस. हॉलंड आले. दिवसा बेकरीत नोकरी, रात्री वादन. गिऱ्हाइकांना नाचायला ठेका लागे, त्यामुळे कंट्रीची गाणी आपोआप द्रुत लयीत जात.

१९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ रेडिओवर ऐकताच, आपण वाजवतो तेच हे, हे त्यांनी ओळखले आणि मेम्फिसची ‘सन रेकॉर्ड्स’ गाठली. मालक सॅम फिलिप्स यांनी त्यांना घेतले, पण एल्विस हाताशी असेतोवर कंट्रीवरच भर द्यायला लावले. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी एल्विसचा करार ३५,००० डॉलरला आरसीए कंपनीला विकला आणि पर्किन्स यांची वाट मोकळी झाली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी ‘ब्लू स्वेड शूज’ लिहिले. कल्पना गायक जॉनी कॅश यांनी सुचवली होती. नाचताना बुटांना पाय लावू नकोस, असे एक तरुण जोडीदारणीला बजावत असल्याचे ऐकून ती मनात पक्की झाली. मध्यरात्री घरात कागद सापडेना, तेव्हा बटाट्यांच्या कागदी पिशवीवर शब्द उतरले. १९५६ च्या सुरुवातीला निघालेली ही तबकडी कंट्री, पॉप आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर चढली. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

२२ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कमधील दूरचित्रवाणी कार्यक्रमाला जाताना डोव्हरजवळ गाडीला अपघात झाला. कार्ल गंभीर जखमी झाले, जे यांची मान मोडली. कार्ल दुखापतीतून सावरत असताना एल्विसने हेच गाणे दूरचित्रवाणीवर गायले. १९५८ मध्ये जे मेंदूच्या गाठीने वारले. त्याच वर्षी कार्ल यांनी ‘सन’ सोडली.

तेवढे यश पुन्हा लाभले नाही. तरी त्यांना एल्विसचा अनुयायी म्हणणे चूक ठरेल. त्यांची शैली जॅक्सनच्या गुत्त्यांत आधीच घडली होती. त्यांची तीन गाणी बीटल्सनी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केली.