मातीने पांढरी होणारी साखर

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर, फ्रेंच अमलाखाली, जवळजवळ प्रत्येक ऊसमळ्यात साखर पांढरी करण्याची व्यवस्था होती. १७६३ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटनकडे गेले आणि, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने नोंदवल्याप्रमाणे, ऑक्टोबर १७७३ मध्ये अशी दोन-तीनच ठिकाणे उरली होती. ऊस तोच होता, राबणारी माणसे गुलामच होती. बदलले ते जकातीचे कोष्टक.

चरकातून निघालेला रस लवकर आंबतो, म्हणून तो लागलीच एकीपेक्षा एक लहान काहिलींतून आटवत नेत, चुना घालून मळी काढत, आणि शेवटच्या काहिलीशी उभा असलेला गुलाम कारागीर अंगठा व तर्जनी यांमध्ये पाकाची तार ओढून तो उतरवण्याचा क्षण ठरवी. महाराष्ट्रातील गुऱ्हाळात गुळव्याला जो मान असतो, तो सोडाच, या माणसाला स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता. पाक शंकूच्या आकाराच्या मातीच्या भांड्यात, भोकाचे टोक खाली ठेवून, गोठू देत. काकवी गळून गेली की मस्कोवाडो नावाची तपकिरी कच्ची साखर उरे. ती पांढरी करण्यासाठी भांड्याच्या रुंद तोंडावर ओल्या चिकणमातीचा थर देत. त्यातील पाणी इतक्या सावकाश झिरपे की दाणा फारसा न विरघळता त्यावरचा काकवीचा लेप धुऊन निघे. कित्येक आठवड्यांनी निघालेली ढेप वर शुभ्र, मध्ये पिवळसर आणि टोकाशी काळपट असे. मातीने साखर स्वच्छ करण्याची ही युक्ती विलक्षण आहे.

वसाहतीने कच्चा माल पुरवावा आणि त्यावरील संस्काराचा नफा मायदेशाने घ्यावा, हा व्यापारवादाचा, म्हणजे व्यापारातील वरकड सोन्याचांदीत राष्ट्राची संपत्ती मोजणाऱ्या धोरणाचा, आग्रह होता. त्यानुसार ब्रिटनमध्ये दर हंड्रेडवेटला (सुमारे ५१ किलोंना) मस्कोवाडोवर ६ शिलिंग ४ पेन्स, पांढऱ्या साखरेवर १ पौंड १ शिलिंग १ पेनी आणि शुद्ध केलेल्या ढेपेवर ४ पौंड २ शिलिंगांहून अधिक जकात होती. इतकी जड जकात म्हणजे वसाहतीत साखर पांढरी करण्यास मनाईच होती. स्मिथने अशा मनाईंना मानवी हक्कांचे उघड उल्लंघन म्हटले. मात्र तो हक्क मळेवाल्यांचा होता, काहिलीशी उभ्या माणसाचा त्यात विचार नव्हता, ही खंत हे वाचताना राहतेच.

मात्र स्मिथच्याच काळी जकात खात्याच्या सवलतीने एक पळवाट रुळली होती: ढेप कुटून भुकटी केली, तर पांढरी साखरही मस्कोवाडो म्हणूनच बंदरात उतरवता येई, आणि आठवडे खर्चून घडवलेली ढेप जहाजावर चढण्यापूर्वी फोडावी लागे.